मटारला पाणी किती द्यायचं? १२ गुंठ्यांतल्या प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर

आमच्या पुरंदरचा मटार म्हणजे खरिपाचा. जूनमध्ये टोकायचा, ऑगस्ट-सप्टेंबरात सासवडच्या बाजारात न्यायचा. रब्बीत विहिरीला पाणी असेल तोच करतो. गेल्या दोन रब्बींत आमचा निम्मा मटार रोगाने गेला. आबांचं (वडिलांचं) म्हणणं, "पाणी जास्त झालं." शेजारचे तात्या म्हणाले, "पाणी कमी पडलं म्हणून भुरी (पानांवरची पिठासारखी पांढरी बुरशी) आली." दोघांनी एकच रान पाहिलं होतं. म्हणून यंदा पाणी मोजून द्यायचं आणि कुठे काय येतं ते लिहून ठेवायचं ठरवलं.

रान १२ गुंठे, ३० मीटर रुंद, ४० मीटर लांब. चार फुटी बेड, एकूण २५. प्रत्येक बेडवर १६ मिमीची एक ठिबक नळी, ४० सेंमीवर ड्रिपर, ताशी ४ लिटरचा. हिशेब सोपा आहे. एका ड्रिपरच्या वाट्याला १.२ गुणिले ०.४, म्हणजे ०.४८ चौरस मीटर रान येतं. ४ लिटर भागिले ०.४८ केलं की तासाला ८.३ मिमी पाण्याचा थर. एवढा एक आकडा काढून ठेवला की पुढे सगळं मिनिटांत बोलता येतं.

द्यायच्या पाण्याप्रमाणे चार-चार बेडचे सहा गट केले: कमी-१, मध्यम-१, जास्त-१, मग कमी-२, मध्यम-२, जास्त-२. उरलेल्या पंचविसाव्या बेडला जुन्या पद्धतीने सरीतून पाटाचं पाणी. प्रत्येक गटाला वेगळा कॉक. सहा कॉक, ८५ रुपयांप्रमाणे ५१० रुपये.

(इथेच पहिली चूक झाली. गट वरून खाली ओळीने लावले, चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. रानाला बेडच्या आडवा उतार आहे आणि दोन्ही 'जास्त' आपापल्या तिघांत खालच्या बाजूला आले. त्यातला जास्त-२ तर पार तळाला, जिथे माती भारी आहे. त्याच्या शेजारी पाटाच्या पाण्याचा बेड. हे ध्यानात यायला पुढे दोन आठवडे गेले.)

८ नोव्हेंबर

बियाणं अर्केल वाणाचं, ८ किलो, १८० रुपये किलोने. फुले प्रिया किंवा भुरीला टिकणारा अर्का अजीत मिळाला असता तर आबांना बरं वाटलं असतं. मला मात्र अर्केलच हवा होता. तो लवकर येतो आणि भुरीला लगेच बळी पडतो, म्हणजे फरक दिसायला सोपं. प्रयोगाला बरं, खिशाला वाईट.

किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) चोळला, त्यावर रायझोबियम हे जिवाणू खत, सावलीत सुकवलं. दोन्हींचे मिळून २१० रुपये. थायरम हे बुरशीनाशक लावायचं असतं तर ते आधी आणि जिवाणू खत सगळ्यात शेवटी. मी ते लावलं नाही, आणि पुढे त्याचा पस्तावा झाला. बेडवर तीन ओळी, दोन बियांत १० सेंमी. चार बायका, मी आणि वहिनी. संध्याकाळी पाचला टोकणी संपली.

९ नोव्हेंबर

जमिनीत चांगला वाफसा (पेरणीजोगी ओल) होता. तरी 'उगवण एकसारखी व्हावी' म्हणून सगळ्या गटांना दोन तास पाणी सोडलं. म्हणजे जवळजवळ १७ मिमी. आबा बांधावरून ओरडले, "अरे ओलीत टोकलंय, वर पाणी कशाला?" मी म्हटलं, ठिबक आहे, काही होत नाही.

१७ नोव्हेंबर

झालं. प्रत्येक गटात एका ओळीचे १० मीटर मोजले, म्हणजे १०० बिया. वरच्या कमी-१ मध्ये ९१ उगवल्या, मध्यम-२ मध्ये ८४, तळाच्या जास्त-२ मध्ये ६४. आजवर पाणी सगळ्यांना सारखंच दिलं आहे, तरी हा फरक. म्हणजे पाण्याची पातळी मी कॉकने ठरवायच्या आधीच उताराने ठरवून टाकली होती.

न उगवलेल्या जागा उकरल्या. बी मऊ, दाबलं की चिखलासारखं फुटतं, वास येतो. काही ठिकाणी कोंब बाहेर येऊन जमिनीलगत पाणचट होऊन आडवा. हे पिथियम नावाच्या बुरशीचं काम. गार, ओली, हवा नसलेली माती मिळाली की तो बीच खातो.

२० नोव्हेंबर

उरलेल्या दीड किलो बियांतून नांग्या (न उगवलेल्या जागा) भरल्या. या वेळी थायरम चोळलं, किलोला ३ ग्रॅम. घरात जुनं पाकीट पडलेलं होतं.

रोज किती पाणी उडतं ते मोजायला अंगणात भांडं ठेवलं. आधी घमेलं ठेवलं होतं. ते बाद, कारण त्याच्या कडा तिरक्या, कडेला लावलेली पट्टी तिरकी बसते आणि तिच्यावरचा आकडा खोटा येतो. सरळ कडांचं जुनं पातेलं घेतलं. दुसऱ्या दिवशी १५ मिमी पाणी उडालेलं! आमच्या कुत्र्याने पिऊन टाकलं होतं. मग वर कोंबडीची जाळी बांधली. त्यानंतर रोज ४ मिमीच्या आसपास येऊ लागलं.

तीन दिवसांतून एकदा पाणी. तीन दिवसांचे १२ मिमी. 'जास्त'ला ते सगळं, म्हणजे ८६ मिनिटं. 'मध्यम'ला त्याच्या ७० टक्के, तासभर. 'कमी'ला ४० टक्के, ३५ मिनिटं. थंडी वाढेल तसं पातेल्यावरून कमी करत जायचं.

२२ नोव्हेंबर

बाटली चाचणी. कुणी हे करत असेल तर पहिल्याच दिवशी करा, मी दोन आठवडे उशिरा केली. ड्रिपरखाली बाटली १५ मिनिटं धरायची, १ लिटर यायला पाहिजे. नळीच्या सुरुवातीला ९५०-९८० मिली आलं. जास्त-१ च्या शेवटच्या टोकाला ६२०. म्हणजे ज्याला मी 'जास्त' म्हणतोय त्याचं शेपूट 'मध्यम'पेक्षाही उपाशी. फिल्टर उघडला तर जाळी फाटलेली आणि आत विहिरीतलं शेवाळ. नवी जाळी १४० रुपये. सगळ्या नळ्यांच्या एन्ड कॅप काढून पाणी वाहू दिलं. आधी चहासारखं, मग स्वच्छ. पुन्हा मोजलं, टोकाला ९१०. चाललं.

२८ नोव्हेंबर

खुरपणी. सहा बायका, ३०० रुपयांनी १,८००. प्रत्येक गटात २० झाडांना लाल लोकर बांधली. दर आठवड्याला तीच झाडं बघायची, नाहीतर डोळा आपोआप वाईट झाडाकडे जातो.

३ डिसेंबर

या आठवड्यात लाईट रात्रीची. आमच्याकडे शेतीची थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, हे ठरलेलंच. कमी-२ झाला, मध्यम-२ झाला, रात्री साडेअकराला जास्त-२ उघडला. फोनला गजर लावला आणि मोटरच्या खोलीत घोंगडीवर पडलो. जाग आली तेव्हा तीन वाजले होते. गजर वाजून वाजून गप्प झाला होता. जास्त-२ ला साडेतीन तास पाणी गेलं होतं. २९ मिमी.

सकाळी पाहिलं तर तळाच्या सरीत पाणी उभं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हटलं नाही. आबा काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं.

११ डिसेंबर

जास्त-२ मध्ये आणि पाटाच्या बेडमध्ये खालची पानं पिवळी. दुपारी झाडं माना टाकतात, सकाळी थोडी सावरतात. लोकर बांधलेल्या २० पैकी ७ झाडं अशी. जास्त-१ मध्ये २. वरच्या कमी-१ मध्ये एकही नाही, पण तिथली झाडं वीतभर बुटकी.

'मर' म्हणजे फ्युजेरियम बुरशी, असं मनाने ठरवून टाकलं. चार झाडं उपटली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि गाडीच्या डिकीत ठेवून कृषी विज्ञान केंद्रात नेली. जाईपर्यंत त्यांचा लगदा झाला होता. तिथल्या मॅडमनी पिशवी उघडून नाक मुरडलं आणि सांगितलं, "वर्तमानपत्रात गुंडाळून आणा, मातीसकट खणून. आणि मेलेलं झाड नको, आजारी आणा." अख्खा दिवस आणि ६० किलोमीटरचं पेट्रोल.

१२ डिसेंबर

धीर धरवला नाही. दुकानातून कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणलं आणि जास्त-२ च्या चार बेडना आळवणी केली (औषधाचं पाणी मुळाशी ओतलं). ४८० रुपये आणि पाठीवर १६ लिटरचा पंप घेऊन अर्धा दिवस. शिवाय आळवणी म्हणजे आधीच चिंब मातीत आणखी पाणी! हे तेव्हा सुचलं नाही.

१५ डिसेंबर

काही फरक नाही. ७ ची ९ झाडं झाली. वर्तमानपत्रात गुंडाळून पुन्हा सहा झाडं नेली, तीन जास्त-२ ची, तीन पाटाच्या बेडची.

१७ डिसेंबर

मॅडमनी हातात धरून दाखवलं, ते इथे लिहितो, कारण हे शेतात उभ्या उभ्या करता येतं.

झाड खणून मूळ पाण्यात धुवायचं. मग नखाने खालचं खोड उभं चिरायचं. आतल्या नळ्या तांबूस-तपकिरी आणि मूळ वरून बरं दिसत असेल तर ती फ्युजेरियमची मर. आमच्या सहा झाडांत असं एकच निघालं. बाकी पाच झाडांचं मूळ मधाच्या रंगाचं, मऊ. चिमटीत धरून ओढलं की साल मोज्यासारखी निघून येते आणि आत पांढरा दोरा राहतो. ही मूळकूज, पाण्यात पोहणाऱ्या बुरशीची. पिथियम त्याच गोतावळ्यातला. फ्रान्स-अमेरिकेत मटाराची शेतंच्या शेतं सोडायला लावणारा अफॅनोमायसिसही त्यातलाच. या मंडळींची बीजं पाण्यातून पोहत मुळाशी जातात. मातीत पाणी उभं राहिलं नाही तर ती पोहणार कशात?

आणि या गोतावळ्यावर कार्बेन्डाझिम चालत नाही. ती खऱ्या अर्थाने बुरशीच नव्हे, त्यामुळे त्यांचं औषधच वेगळं. ४८० रुपये मातीत, शब्दशः.

"औषध विचारू नका, आधी पाणी काढा," मॅडम म्हणाल्या. घरी येऊन जास्त-२ आणि पाटाच्या बेडच्या मधे दीड फूट खोल चर काढला, बांध फोडून ओढ्याकडे वाट करून दिली. आबा आणि मी, चार तास. पाटाच्या पाण्याची ओल शेजारच्या चोविसाव्या बेडमध्ये जात होती हेही तेव्हा कळलं. जास्त-२ चं पाणी एका पाळीला बंद ठेवलं.

२१ डिसेंबर

झाडं मरणं थांबलं. ९ ची १० झाली, पुढे नाही. गेलेली झाडं परत येत नाहीत, पण अर्धवट आजारी झाडांनी मातीलगत नवी मुळं फोडली आहेत. त्यांना हात लावून मातीची भर दिली.

बाकी रानात फुलं. कमी-१ आणि कमी-२ मध्ये फूल चार दिवस आधी आलं. तात्या बघून म्हणाले, "बघ, पाणी तोडलं की फुलतं." खरं आहे. पण फूल कमी आहे, आणि वरचा शेंडा थांबलाय.

२४ डिसेंबर

कमी-२ मध्ये खालच्या पानांवर पिठाचे ठिपके. बोटाने पुसले की जातात, खाली पान हिरवं. भुरी.

दिवसा कोरडं ऊन, पहाटे गारठा. भुरीला याहून काय हवं? बाकी बुरशांना रुजायला पानावर पाणी लागतं. हिला लागत नाही. उलट पान भिजलं तर तिचं बी नीट रुजतच नाही. म्हणून जोराचा पाऊस झाला की भुरी मागे हटते.

२९ डिसेंबर

लोकरीच्या झाडांची मोजणी. पानाचा किती भाग पांढरा, अंदाजाने:

कमी-१ आणि कमी-२: निम्म्याच्या जवळ. शेंगांवरही चढलीय.
मध्यम दोन्ही: पाव भाग, बहुतेक खालची पानं.
जास्त-१: तुरळक. मात्र वेल दाट, आतल्या पानांवर वर पिवळे डाग आणि खाली करडी-जांभळट लव. हा केवडा. पहाटेची ओल दाट पानांत दहा-दहा वाजेपर्यंत टिकते, तिथेच आहे.
जास्त-२: भुरी सगळ्यात कमी. झाडंही सगळ्यात कमी.

हे पाहून दोन दिवस डोक्यात एकच. ठिबकवर तिन्ही गटांची पानं सारखीच कोरडी. मग 'कमी'त भुरी दुप्पट कशी? माझं मत असं झालंय की तहानलेलं झाड लवकर म्हातारं होतं. खालची पानं पिकायला लागतात, नवी पालवी येत नाही, आणि भुरीला बसायला तेच सोपं. मध्यममध्येही भुरी आली, पण वरती नवं पान तिच्या पुढे पळत होतं.

म्हणजे आबाही बरोबर होते आणि तात्याही. आबा मुळाकडे बघत होते, तात्या पानाकडे.

३० डिसेंबर

आता वेडेपणा. पावसाने भुरी धुतली जाते ना, मग आपण पाऊस पाडू. मेहुण्याकडून रेनपाईप (भोकांतून पाणी फवारणारी नळी) आणली, कमी-१ च्या मधल्या सरीत अंथरली. लाईट पुन्हा रात्रीची. रात्री बारा ते साडेबारा. फवारा आठ फूट जातो एवढं धरून मी मापलं होतं. वाऱ्याने पाणी पाचव्या-सहाव्या बेडपर्यंत गेलं. ते बेड मध्यम-१ चे. प्रयोगाचा एक गट त्या रात्री मी स्वतः बिघडवला.

२ जानेवारी

पुन्हा रेनपाईप, पुन्हा रात्रीच. भुरी खरंच हटली, पानं पुन्हा हिरवी दिसतात. आबांना मुद्दाम नेऊन दाखवली.

४ जानेवारी

कमी-२ मध्ये वेगळं करून पाहिलं. फवारणी पंपात नुसतं स्वच्छ पाणी, सकाळी नऊला, पानाच्या दोन्ही बाजूंनी. अकरापर्यंत ऊन सगळं सुकवतं. दोन बेडना दीड तास लागला. एवढ्या वेळात बाजाराला जाऊन आलो असतो.

७ जानेवारी

पहिली तोडणी. तीन बायका, ३५० रुपयांनी. १५० किलो, ३८ रुपये भाव.

तोडताना एकीने विचारलं, "दादा, हे पानाला गंज कसला?" तिसऱ्या ते सहाव्या बेडपर्यंत पानांखाली तांबूस-नारिंगी फोड, बोटाला भुकटी लागते. तांबेरा. बाकी रानात कुठे नाही. पहिल्या रेनपाईपला बरोबर आठ दिवस झाले होते. रात्रभर पान भिजलेलं ठेवलं, भुरी धुतली आणि तांबेऱ्याला अंथरूण घातलं. रेनपाईप त्याच दिवशी मेहुण्याला परत.

कमी-२ मध्ये सकाळच्या पाण्याने भुरी गेली नाही, पण पसरणंही मंदावलं आणि तांबेरा नाही. पाणी तेच, वेळ वेगळी. मात्र १२ गुंठ्यांना हे पाठीवरच्या पंपाने कुणी करणार नाही, मीही नाही.

८ जानेवारी

प्रयोग एका बाजूला, पैसे एका बाजूला. पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, १० लिटरला २५ ग्रॅम, सगळ्या रानावर. २२० रुपये. आदल्या दिवशी तोडणी उरकून घेतली होती. संध्याकाळी चारनंतर फवारलं, कडक उन्हात गंधक पान जाळतं. यापुढच्या भुरीच्या नोंदी गटांच्या तुलनेसाठी धरू नयेत.

आणखी एक. हे गंधक पहिले ठिपके दिसले तेव्हाच, २४ डिसेंबरला मारायला हवं होतं. प्रयोगाच्या हौसेपायी पंधरा दिवस बघत बसलो. शेंगेवर चढलेली भुरी गंधकाने मरते, पण डाग राहतो आणि अडत्या डाग बघून भाव पाडतो.

१६ जानेवारी

दुसरी तोडणी, चार बायका, २३० किलो. भाव ३१. पुण्याच्या बाजारात मध्य प्रदेशचा मटार उतरलाय, त्यापुढे आमचा काय टिकणार.

'कमी'च्या शेंगा आखूड, आत चार-पाच दाणे. 'मध्यम'मध्ये सात-आठ. दाणा भरताना मी 'कमी'ला ठरल्याप्रमाणे ४० टक्केच देत राहिलो. दुसऱ्या कुणी करत असेल तर फुलोरा आणि दाणा भरणं या दोन वेळांना पाणी तोडू नका. सुरुवातीला ताण दिलेला चालतो, तिथे नाही.

२५ जानेवारी

तिसरी आणि शेवटची. दोन बायका, १२० किलो, २४ रुपये.

२८ जानेवारी

बेरीज. प्रत्येक तोडणीला गटवार वजन केलं होतं, त्यावरून तिन्ही तोडण्या मिळून:

कमी-१: ६४ किलो, कमी-२: ५७
मध्यम-१: ९९, मध्यम-२: १०५
जास्त-१: ९७, जास्त-२: ६१
पाटाचा एकटा बेड: १७

जास्त-१ आणि जास्त-२ मधला फरक बघा. कॉक तसाच, मिनिटं (एक रात्र आणि एक बंद पाळी सोडली तर) तीच. वरच्या अंगाला निचरा होता तिथे जास्त पाण्याने फारसं बिघडलं नाही, मध्यमइतकंच आलं. तळाला, जिथे पाणी उभं राहिलं, तिथे तिसरा हिस्सा गेला. किती पाणी दिलं यापेक्षा ते किती वेळ साचून राहिलं, यावर मूळकूज ठरली. पण चिठ्ठ्या टाकल्या असत्या, एखादा 'कमी' गट तळाला आणि 'जास्त' वर आला असता, तर हे छातीठोकपणे सांगता आलं असतं.

मोटरच्या वहीतून पाण्याचे तास काढले. टोकणीनंतरचं पहिलं पाणी सोडून 'जास्त'ला २७ तास, 'मध्यम'ला १९, 'कमी'ला ११. आठ बेड मिळून ३८४ चौरस मीटर. म्हणजे 'जास्त' ८६ हजार लिटर, 'मध्यम' ६१ हजार, 'कमी' ३५ हजार. हजार लिटरमागे 'जास्त'ला १.८ किलो मटार पडला, 'मध्यम'ला ३.४ आणि 'कमी'लाही ३.४. हे शेवटचं बघून तात्या खूष झाले. ज्याच्या विहिरीला जानेवारीत तळ दिसतो त्याला 'कमी' तोट्यात नाही, फक्त त्याने भुरीचं गंधक आधीच घरात आणून ठेवावं. आमच्या विहिरीला पाणी आहे, आम्ही 'मध्यम' धरणार.

खर्च: नांगरट आणि बेड २,२००, बियाणं १,४४०, ट्रायकोडर्मा-रायझोबियम २१०, खतं १,४००, कॉक ५१०, जाळी १४०, खुरपणी १,८००, चुकीचं कार्बेन्डाझिम ४८०, गंधक २२०, तोडणी ३,१५०, गाडीभाडं आणि आडत १,९००. एकूण १३,४५०. विक्री १५,७१०. उरले २,२६०. टोकणीच्या चार बायकांची मजुरी यात नाही, कारण त्या इर्जिकीवर आल्या होत्या. त्यांच्या कांद्याला आम्ही गेलो. पेट्रोल धरलं नाही. माझ्या रात्री तर नाहीच.

३ फेब्रुवारी

वेल उपटून काढले. एरवी मटाराचा पाला शेळ्यांना जातो, या खेपेला गंधक आणि भुरी दोन्ही असल्याने दिला नाही. तळाच्या पाच बेडचे वेल मुळासकट बांधाबाहेर नेऊन जाळले.

त्या बेडवर घेवडा करायचा आमचा विचार होता. मॅडमना फोन केला, त्यांनी नको म्हटलं. मूळकुजीची बीजं मातीत वर्षानुवर्षं टिकतात, आणि घेवडाही मटाराच्याच जातकुळीचा. तिथे तीन-चार वर्षं मटार, घेवडा काहीच नाही. आबांनी आज चाऱ्याचा मका टोकला. चर तसाच ठेवलाय, बुजवायचा नाही असं त्यांनीच सांगितलं. लाईट या आठवड्यात रात्रीची आहे. दोन फोनला गजर लावलाय.